आईला पेम्फिगस झालाय, मग मुलींना होईल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कागल तालुक्यातल्या, आईंचं वय ४८. गेल्या वर्षी सात महिने 'तोंड आलंय' म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल चालू होतं. मग पाठीवर, छातीवर पाण्याचे फोड आले, बायोप्सी झाली आणि पेम्फिगस व्हल्गारिस, म्हणजे तोंडात आणि अंगावर फोड आणणारा आजार, असं निदान झालं. आता दर महिन्याला तीन दिवस सलाईनमधून औषध चालू आहे आणि फोड आटोक्यात आहेत. धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय, स्थळ आईंच्या माहेरच्या नात्यातलं आहे, आणि मुलाकडच्यांनी विचारलंय, "हे आनुवंशिक आहे का?" कुणीतरी सुचवलं की दोघी बहिणींची एचएलए ही जनुकांची तपासणी करून रिपोर्टच समोर ठेवा. त्यात तुमच्या स्वतःच्या तोंडात अधूनमधून फोड येतात, म्हणून तुमची झोप उडालीय. शेवटी विचारलंय की घरात कांदा-लसूण बंद करायचा का.

मी कोल्हापुरात पंचवीसहून जास्त वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करतोय. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. पेम्फिगस आईकडून मुलीला जात नाही. जाऊ शकतो तो फक्त त्या आजाराकडे असलेला थोडासा कल, आणि तो इतका थोडा असतो की त्यावर लग्न ठरवणं किंवा मोडणं मला साफ चूक वाटतं. एचएलए तपासणी करू नका. का करू नका, ते सविस्तर सांगतो, कारण मुलाकडच्यांना तुम्हालाच समजवावं लागणार आहे.

आपल्याकडे या आजाराबद्दल बोलताना एका शब्दाने फार घोळ होतो. बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, हे पोरीला लागंल का वं?" लागेल म्हणजे स्पर्शाने लागेल की रक्तातून उतरेल? त्यांना दोन्ही विचारायचं होतं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पेम्फिगसमध्ये जंतू नाही, त्यामुळे एका ताटात जेवलं, एका अंथरुणात झोपलं, आईंच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बदलल्या, तरी काही होत नाही. ही नागीण नाही आणि देवीचा कोपही नाही. आईंचं ताट-वाटी वेगळं केलं असेल तर आजच एकत्र करा. दुसऱ्या अर्थाचं उत्तर जरा लांब आहे.

आपली वाकळ आठवा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून जवळजवळ टाके घातलेले असतात, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीही अशाच टाक्यांनी एकमेकींना धरून असतात. त्या टाक्यातल्या दोऱ्यांपैकी दोन प्रथिनांची नावं डेस्मोग्लेइन १ आणि डेस्मोग्लेइन ३. पेम्फिगसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा याच दोऱ्यांना परकं समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. दोरा सुटला की पेशी सुट्या होतात, मधल्या पोकळीत पाणी साचतं आणि फोड येतो. तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तराची सगळी भिस्त डेस्मोग्लेइन ३ वर असते, म्हणून बहुतेकांना आधी तोंडात जखमा होतात आणि अंगावर फोड नंतर येतात. तुमच्या आईंचं नेमकं तसंच झालं.

ही काही कल्पना नाही, डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे. फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा कणभर तुकडा घेतात आणि त्याची इम्युनोफ्लुरोसन्स नावाची तपासणी करतात. खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीच्या कडेने हिरवी रेघ चमकते. पंचगंगेच्या काठावर वाळत टाकलेलं मासे धरायचं जाळं जसं दिसतं, तशी ती नक्षी असते. ती मी शेकडो वेळा पाहिली असेल, तरी दर वेळी क्षणभर थांबतो. माणसाचं स्वतःचंच रक्त स्वतःच्या त्वचेवर चालून गेल्याचा तो पुरावा असतो. पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात हे १९६४ साली बाहेर आलं. त्याआधी हा आजार का होतो याचा कुणालाच पत्ता नव्हता.

आता जनुकांकडे वळू. संरक्षण यंत्रणेला स्वतःचं आणि परकं ओळखायला मदत करणारी एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत. एचएलएचं काम हाताच्या पंजासारखं आहे: प्रथिनाचा एखादा तुकडा धरायचा आणि पहारेकरी पेशींना दाखवायचा. प्रत्येकाच्या पंजाची घडण वेगळी असते. काही घडणींच्या पंजात डेस्मोग्लेइन ३ चे तुकडे जास्त चांगले बसतात, त्यामुळे ते पहारेकऱ्यांच्या नजरेला जास्त पडतात. एकदा का पहारेकरी बिथरला की प्रतिपिंडं बनायला सुरुवात होऊ शकते.

पेम्फिगस व्हल्गारिसशी संबंध असलेल्या घडणींची नावं माहीत झालेली आहेत. अश्केनाझी ज्यू लोकांमध्ये डीआरबी१*०४:०२ हा प्रकार ठळकपणे आढळतो. भारतीय रुग्णांमध्ये डीआरबी१*१४:०४ आणि डीक्यूबी१*०५:०३ हे प्रकार जास्त दिसतात. एचएलएच्या बाहेरचाही धागा सापडलाय. एसटी१८ नावाच्या जनुकातल्या बदलाचा संबंध २०१२ साली ज्यू आणि इजिप्शियन रुग्णांमध्ये दिसला, जर्मन रुग्णांमध्ये मात्र दिसला नाही. म्हणजे एका समाजात सापडलेली गोष्ट उचलून दुसऱ्या समाजातल्या माणसाला लावता येत नाही. तपासणीचा रिपोर्ट हातात आल्यावर नेमकं हेच कुणी सांगत नाही.

समजा तुमच्या आईंकडे यातला एक प्रकार आहे. सहाव्या गुणसूत्राच्या जोडीपैकी एकावर तो असेल, तर तो मिळण्याची शक्यता तुम्हा दोघी बहिणींना प्रत्येकी निम्मी. निम्मी म्हटलं की छातीत धस्स होतं, मला माहीत आहे. पण ही शक्यता पंजाची घडण मिळण्याची आहे, आजार होण्याची नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते मी आकड्यांनीच दाखवतो.

केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात पेम्फिगसची मोजदाद झाली होती, त्यात दर दहा लाख माणसांमागे वर्षाला ४.४ नवे रुग्ण आढळले. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३८.७६ लाख होती. तोच दर इथे लावला तर जिल्ह्यात वर्षाला साधारण १७ नवे रुग्ण होतात. आता हिशेबापुरतं धरून चालू की शंभरातल्या दहा जणांकडे ती जोखमीची घडण आहे. हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी घेतलाय. म्हणजे जिल्ह्यात सुमारे ३ लाख ८८ हजार माणसं ती घडण घेऊन फिरतायत. सगळेच्या सगळे १७ रुग्ण त्यांच्यातूनच आले असं मानलं, आणि ५० वर्षांचा काळ धरला, तरी झाले ८५०. म्हणजे साधारण साडेचारशेत एक. उरलेले साडेचारशे जण तीच घडण अंगात घेऊन ऊस लावतात, शाळेत शिकवतात, लेकरांची लग्नं करतात आणि त्यांना कधी एक फोडही येत नाही. रुग्णाच्या सख्ख्या मुलीची जोखीम यापेक्षा काहीशी जास्त असू शकेल, कारण एचएलएसोबत इतरही जनुकं आईकडून आलेली असतात. पण एकाच घरात दोघांना पेम्फिगस होणं जगभरात दुर्मिळच मानलं जातं. माझ्या स्वतःच्या इतक्या वर्षांत मायलेकींना किंवा भावाबहिणींना, दोघांनाही बायोप्सीने सिद्ध झालेला पेम्फिगस व्हल्गारिस आहे, असं एकही घर मला आढळलेलं नाही.

मग उरलेलं कशावर ठरतं? इथे ब्राझीलचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे नदीकाठच्या काही खेड्यांत पेम्फिगसचा एक भाऊबंद, पेम्फिगस फोलिएशियस, स्थानिक आजारासारखा आढळतो. लोक त्याला 'रानातली आग' अशा अर्थाचं नाव देतात, कारण अंगाची आग होते. तिथे एकाच घरात दोन-दोन रुग्ण दिसतात. शोध घेतल्यावर संशय गेला तो चावणाऱ्या बारीक माश्यांवर. वाळूमाशीच्या लाळेतल्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं डेस्मोग्लेइन १ लाही जाऊन चिकटतात, असं दिसलं. घरातल्यांची जनुकं सारखी आणि चावणारी माशीही तीच, म्हणून तिथे आजार घराण्यात असल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या पेम्फिगस व्हल्गारिसमागे अशी एखादी ठरावीक माशी सापडलेली नाही. काही औषधांनी, उदाहरणार्थ पेनिसिलामाइन आणि कॅप्टोप्रिल, क्वचित आजार सुरू होतो. कडक उन्हाने किंवा रेडिएशनने असलेला आजार भडकल्याचीही उदाहरणं आहेत. पण 'तुमच्या आईंनाच का' याचं नेमकं उत्तर कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही. आईंनी काही खाल्लं, कुठली चूक केली, कुणाचं मन दुखावलं, म्हणून हे झालेलं नाही. हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे. त्या बहुतेक मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असतील.

एचएलए तपासणीला माझा विरोध का, ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला तरी वरच्या उदाहरणाच्या हिशेबाने साडेचारशेत एक किंवा काहीशी जास्त अशी शक्यता, आणि ती कमी करायला आमच्याकडे देण्यासारखं काहीही नाही. लस नाही, प्रतिबंधक गोळी नाही. 'निगेटिव्ह' आला तरी कधीच होणार नाही याची हमी नाही, कारण ती घडण नसलेल्यांनाही पेम्फिगस होतो. मात्र तो कागद घरात राहतो, नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला न विचारता मुलीची तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये एका ओळीखाली लाल रेघ होती. मुलाकडच्यांनी त्या लाल रेघेचा फोटो तीन ठिकाणी पाठवला आणि सुपारी फुटलेली असताना लग्न मोडलं. ती मुलगी त्या वेळी ठणठणीत होती, आजही ठणठणीत आहे. तिची आई पुढे प्रत्येक तपासणीला आली की माझ्यासमोर रडायची, स्वतःच्या आजारासाठी नव्हे, मुलीसाठी. तुमच्या घरात तसं होऊ नये म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

कुणी 'निदान रक्तातल्या डेस्मोग्लेइनच्या अँटिबॉडी तरी बघून घेऊ' म्हणेल, तर तेही लक्षण नसलेल्या माणसात करू नका. रुग्णांच्या काही निरोगी नातेवाइकांच्या रक्तातही ही प्रतिपिंडं सापडतात. पण त्यांचा उपप्रकार वेगळा असतो: बहुतेक आयजीजी१, तर आजार सक्रिय असलेल्यांत आयजीजी४ चं प्राबल्य असतं. ते नातेवाईक आजारी नसतात. मग असा रिपोर्ट घेऊन करायचं काय?

तरी दोन-तीन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या टाळून चालणार नाही. पहिली म्हणजे निदान पक्कं आहे का. आईंच्या बायोप्सीबरोबर मघाशी सांगितलेली इम्युनोफ्लुरोसन्स झाली आहे का, ते फाईलमध्ये बघा. हे मी मुद्दाम विचारतोय, कारण हेली-हेली नावाचा एक आजार आहे आणि त्याचं जुनं नाव आहे 'फॅमिलिअल बिनाइन पेम्फिगस'. नावात पेम्फिगस आहे आणि फॅमिलिअलही आहे. इंटरनेटवर हे वाचून घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात. तो खरोखर आनुवंशिक आहे: एटीपी२सी१ या एकाच जनुकातल्या दोषाने होतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. पण त्यात प्रतिपिंडांचा हात नसतो आणि ती हिरवी जाळी दिसत नाही.

पन्हाळ्याच्या बाजूचं एक कुटुंब माझ्याकडे येतं. आजोबा, वडील, दोन मुलगे, सगळ्यांच्या काखेत आणि जांघेत उन्हाळा लागला की कातडी ओली होते, चिरते, खरवडल्यासारखी दिसते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जाऊन आले, घाम आणि गुलाल काखेत साचला, की आठवड्याने चौघंही दवाखान्यात. हा हेली-हेली. तुमच्या वर्णनात सात महिने तोंडातल्या जखमा आणि मग पाठीवर फोड आहेत. हेली-हेली असा तोंडापासून सुरू होत नाही, त्यामुळे मला शंका नाही. तरी रिपोर्ट बघून घ्या. जन्मापासून किंवा लहानपणापासून जरा घासलं तरी फोड येणारी मुलंही तुम्ही पाहिली असतील. तो एपिडर्मोलायसिस बुलोसा, तोही जनुकीय, आणि त्याचा पेम्फिगसशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट नात्यातल्या लग्नाची. आईच्या माहेरचं स्थळ म्हणजे मुलाकडेही तशीच एचएलए घडण असू शकते, हे खरं. त्यांच्या मुलांना ती दोन्हीकडून मिळू शकते, हेही खरं. पण मूळ जोखीमच इतकी लहान आहे की पेम्फिगसच्या भीतीने हे लग्न थांबवावं असं मी म्हणणार नाही. नात्यातल्या लग्नात काळजी वेगळ्या आजारांची असते, जे दोन्हीकडून सदोष जनुक आलं तरच होतात. थॅलेसेमिया त्यातला एक, एपिडर्मोलायसिस बुलोसाचे काही प्रकारही त्यात येतात. दोन्ही घरांत लहानपणी दगावलेली मुलं, वारंवार रक्त चढवावं लागणारं कुणी, जन्मतः बहिरेपण असं काही असेल तर लग्नाआधी डॉक्टरांशी जरूर बोला. आईंना पेम्फिगस झाला नसता तरी हे मी सांगितलंच असतं.

तिसरी गोष्ट, अशा घरांत इतर ऑटोइम्युन आजार, म्हणजे संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते असे, जसं थायरॉईड किंवा संधिवात, थोडे जास्त आढळतात. बहिणीला विनाकारण थकवा, पाळीची अनियमितता, वजनातली वाढ असं काही असेल तर थायरॉईडची साधी टीएसएच तपासणी करा. एचएलएपेक्षा किती तरी स्वस्त आहे आणि दोष सापडला तर त्यावर उपाय आहे.

तुमच्या तोंडातल्या फोडांकडे येतो. तुम्ही लिहिलंय की महिन्या-दोन महिन्यांनी ओठाच्या आत एखादा पांढरा, गोल फोड येतो, खूप दुखतो आणि आठवड्याभरात जातो. हे आपलं नेहमीचं तोंड येणं आहे. ते बरं होतं आणि पुन्हा येतं. पेम्फिगसची जखम बरीच होत नाही. गालाच्या आत, टाळूला, हिरड्यांना कातडी सोलल्यासारखी लाल जागा दिसते, कडा वेड्यावाकड्या असतात, चहाचा घोटही झोंबतो आणि एक जागा भरायच्या आत शेजारी दुसरी होते. तुमच्यासाठी साधा नियम: तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायची. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखूमुळे होणाऱ्या कॅन्सरसाठीही हाच नियम आहे, म्हणून घरातल्या सगळ्यांनाच सांगा. दाखवताना 'आईला पेम्फिगस आहे' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून ऐकवा. तुमच्या आईंचे सात महिने गेले ते कुणाच्या मनात हा विचारच न आल्यामुळे. माझ्याही हातून हे झालंय. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना मी दीड महिना तोंडातल्या बुरशीचं औषध देत राहिलो. नंतर एक दिवस त्यांनी पदर बाजूला केला तेव्हा खांद्यावरचा फुटलेला फोड दिसला. तेव्हापासून तोंडात न भरणारी जखम असलेल्या प्रत्येकाची पाठ आणि डोकं मी बघतोच.

बहिणीच्या बाळंतपणाची काळजी कुणी व्यक्त केली असेल तर तीही दूर करा. गर्भवती बाईला स्वतःला पेम्फिगस असेल तर तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि नवजात बाळाला काही आठवडे फोड दिसू शकतात. ते आपोआप जातात. तुमच्या बहिणीला आजार नाही, म्हणून हा प्रश्नच उद्भवत नाही.

जनुकांची तपासणी खरोखर उपयोगी पडते ती दुसरीकडेच, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. आईंना पुढे कधी अझाथायोप्रिन हे संरक्षण यंत्रणा शांत करणारं औषध द्यायचं ठरलं, तर त्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची तपासणी करता येते का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. यांच्यातल्या दोषामुळे काहींच्या शरीरात हे औषध साचतं, पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात, कधी मूठभर केस हातात येतात. एनयूडीटी१५ चा दोष आपल्या आशियाई लोकांत महत्त्वाचा आहे. तपासणी शक्य नसेल तर लहान डोसने सुरुवात आणि पहिल्या आठवड्यांत वारंवार सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. तसंच डॅप्सोन हे औषध सुरू करण्याआधी जी६पीडी ही रक्ततपासणी करायला हवी. खर्च करायचाच असेल तर इथे करा.

आईंची सलाईन म्हणजे बहुधा डेक्सामेथासोनची पल्स, म्हणजे ठरावीक अंतराने दिलेला स्टिरॉइडचा मोठा डोस. ही पद्धत दिल्लीच्या एम्समधले डॉ. जे. एस. पसरिचा यांनी ऐंशीच्या दशकात रूढ केली आणि त्यातून देशभरात असंख्य रुग्ण सावरले. स्टिरॉइड यायच्या आधी हा आजार बहुतेकांचा जीवच घ्यायचा. आता रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची फळी कमी करणारं औषधही आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात रिटुक्सिमॅब आणि काही महिने स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाशिवाय पूर्ण बरे होते, नुसतं स्टिरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. ते द्यायच्या आधी कावीळ बी आणि टीबी तपासावे लागतात. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात विचारा. पल्सबरोबर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध चालू असेल तर आईंच्या वयाला ते चालतं. पण हे वाचणाऱ्या एखाद्या तरुण मुलीला पेम्फिगस असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगावं, कारण त्या औषधाचा बीजकोशांवर परिणाम होतो.

घरात पंच्याहत्तरीचे, मधुमेहाचे आजोबा असतील आणि त्यांच्या अंगाला खूप खाज सुटून ताणलेले, टणक फोड आले, तर तो बहुधा वेगळा आजार, बुलस पेम्फिगॉइड. मधुमेहाच्या व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी तो होऊ शकतो. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता बदलून मागा.

आता कांदा-लसूण. कोल्हापूरच्या घरात हा प्रश्न साधा नाही. वर्षाचा कांदा-लसूण मसाला मे महिन्यात डंकावर कुटून बरणीत भरलेला असतो, तो बंद म्हणजे घरातलं जेवणच बदललं. लसणातल्या काही गंधकयुक्त घटकांनी प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी सुट्या झाल्या आणि काही तुरळक रुग्णांच्या नोंदी आहेत, एवढाच आधार आहे. तेवढ्यावरून मी कुणाला बंदी घालत नाही. आईंना स्वतःला लसूण खाल्ल्यावर नवे फोड आल्याचं पुन्हा पुन्हा जाणवलं तर त्यांच्यापुरता टाळा. तोंडात जखमा आहेत तोवर तिखट टाळायचं ते झोंबतं म्हणून. या दिवसांत त्यांना प्रथिनं हवीत, फोडांतून ती वाहून जातात. मऊ भात, दूध, अंडं, मिरी न घातलेला कोमट पांढरा रस्सा चांगला. गूळ आणि काकवीला मात्र हात आखडता घ्या, कारण स्टिरॉइडने साखर वाढते.

पाठ ओली असेल आणि चादर चिकटत असेल तर केळीचं पान वापरा. पान स्वच्छ धुवायचं, मधली जाड शीर काढायची, गुळगुळीत बाजू वर करून चादरीवर पसरायचं. पहिल्यांदा हे मी एका शेतकऱ्याच्या बायकोसाठी केलं होतं. सकाळी चादर सोडवताना ती रोज ओरडायची, कारण चादरीबरोबर कातडी निघायची. पानावर झोपल्यानंतरच्या सकाळी ती आपली आपण उठून बसली होती, पाठीखाली पान तसंच ओलं, हिरवं, आणि त्यावर कातडीचा तुकडा नाही. तिचा नवरा मग रोज बांधावरून ताजी पानं आणायचा.

मुलाकडच्यांना काय सांगायचं? लपवू नका, लपवलेलं नंतर दुप्पट त्रास देतं. एवढंच सांगा: "आईला पेम्फिगस आहे. तो संसर्गजन्य नाही, आईकडून मुलीला सरळ येत नाही. मुलीला कसलाही त्रास नाही. शंका असेल तर आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ." माझ्याकडे दोन्हीकडची माणसं एकत्र येऊन बसलेली आहेत, आणि बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत प्रश्न सुटतो.

लग्नाची तारीख धरताना आईंच्या पल्सच्या तारखा कॅलेंडरवर आधी मांडा. लग्नघरात पहिली राहून जाते ती आईची औषधं, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या अचानक थांबवणं या आजारात फार महागात पडतं. पल्स चार दिवस मागेपुढे करायची असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. हळदीच्या दिवशी त्यांच्या पाठीवर जिथे अजून ओलं आहे तिथे कुणाला हळद लावू देऊ नका. हाताला, गालाला लावली तर चालेल.